संगणकविद्या आणि सहा महिन्यांचे आश्वासन

सप्टेंबर २०१२ मध्ये गोमंतकातील खाणकाम थांबले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्दबातल ठरविले. त्यानंतर दोनच वर्षांनी महामारीने हॉटेलांचे दरवाजे बंद केले. या आघातांत ज्यांची मिळकत बुडाली, त्यांत ट्रकमालकांप्रमाणेच हिशेबनीस, भांडारपाल आणि स्वागतकक्षातील पदवीधरही होते. लिलावानंतर काही खाणी सुरू होत असल्या, तरी पूर्वीची निश्चिंती परतलेली नाही. अशा तिशी-पस्तिशीतील माणसाला आज चहूकडून एकच उपदेश ऐकू येतो: कोडिंग शिका. कला वा वाणिज्य शाखेचा पदवीधर सहा महिन्यांत संगणकतज्ज्ञ होईल, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या जाहिरातींनाही तोटा नाही. या आश्वासनात तथ्य किती आणि भूलथापा किती, याची छाननी व्हावयास हवी.

तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. संगणकाची आज्ञावली लिहिणे ही अभियंत्यांची मिरासदारी नव्हे. मोठ्या कामाचे लहान भाग पाडणे, त्यांचा क्रम लावणे आणि चूक नेमकी कोठे झाली ते चिकाटीने शोधणे, हे त्या विद्येचे मर्म होय. जमाखर्चाचा ताळा जुळविणाऱ्यास ही शिस्त परकी नाही. मद्रासच्या आयआयटीने २०२० साली सुरू केलेल्या दूरस्थ पदवीक्रमाला बारावीची कोणतीही शाखा चालते. दहावीपर्यंत गणित आणि इंग्रजी झालेले असावे, चार आठवड्यांचा अभ्यास करावा आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, इतकीच अट आहे. दार उघडे आहे. आतील वाट मात्र सहा महिन्यांची नाही.

भूलथापांचे उदाहरण अमेरिकेने पुरविले आहे. पुढे ब्लूमटेक हे नाव घेतलेल्या लॅम्ब्डा स्कूलने आपल्या ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते, अशी जाहिरात केली. संस्थेच्या अंतर्गत नोंदींत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होते. काही तुकड्यांत ते ३० टक्क्यांपर्यंत घसरले होते. शिक्षणानंतर पगारातून शुल्क फेडण्याचा करार हे कर्ज नव्हेच, असेही विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. एप्रिल २०२४ मध्ये तेथील ग्राहक वित्तसंरक्षण विभागाने या संस्थेवर कारवाई केली. आपल्याकडे मुलाच्या शिकवणीसाठी ठेव मोडणाऱ्या, प्रसंगी दागिना गहाण टाकणाऱ्या कुटुंबांनी यापासून बोध घ्यावा. नोकऱ्यांचे आकडे लेखी मागावेत. ते देण्यास टाळाटाळ करणाऱ्या संस्थेची पायरी चढू नये.

बाजारही पूर्वीचा राहिलेला नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो यांची एकत्रित कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून नवशिक्यांच्या हातचे पुष्कळसे किरकोळ काम यंत्रच उरकू लागले आहे. मग शिकावे तरी कशासाठी? आमच्या मते उत्तर जुन्या व्यवसायातच आहे. यंत्राने लिहिलेली आज्ञावली बरोबर की चूक, हे ठरविण्यास त्या कामाची जाण लागते. हॉटेलच्या खोल्यांचे आरक्षण कोठे फसते, मालाच्या साठ्याचा हिशेब कोठे चुकतो, हे वीस वर्षांच्या पोराहून पस्तिशीच्या अनुभवी माणसाला अधिक कळते. त्याने हाती असलेली नोकरी सोडून नव्या विद्येच्या मागे धावू नये. त्या नोकरीतच तिचा उपयोग करावा आणि मग पुढचे पाऊल टाकावे.

यात शासनाचेही कर्तव्य आहे. राज्यातील शाळांत कोडिंग शिकविण्याची योजना सरकारने आखली, हे स्तुत्यच. परंतु त्या मुलांच्या बापाचे काय? डिचोली आणि कुडचडे या ऐन खाणपट्ट्यातील गावी शासकीय तंत्रनिकेतने उभी आहेत. तेथील संगणककक्ष सायंकाळी नोकरदारांसाठी माफक शुल्कात खुले करण्यास कोणती अडचण आहे? सरकारने हे केले नाही, तर त्या बापाला जाहिरातदारांच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर उरणार नाही, आणि तेथे ज्ञानाच्या आधी त्याच्या खिशाची परीक्षा होईल.