परिशिष्टातील नावे आणि संशोधकाची जबाबदारी

क्षेत्रीय अभ्यासावर आधारलेल्या मराठी प्रबंधाच्या अखेरीस माहितीदात्यांची यादी जोडण्याचा प्रघात जुना आहे. नाव, वय, जात, गाव आणि मुलाखतीची तारीख या तपशिलांमुळे संशोधनास विश्वासार्हता लाभते, अशी त्यामागील धारणा. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात राहत होता तोवर या यादीचे वाचक मोजकेच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत आवश्यक ठरविली आणि 'शोधगंगा'वरून तो कोणालाही वाचता येऊ लागला. वाचकवर्ग असा पालटला. यादी मात्र आहे तशीच राहिली.

जातपंचायतीच्या बहिष्काराविषयी एखादी स्त्री अभ्यासकाजवळ बोलते, तेव्हा तिचे निवेदन हे केवळ भाषिक वा वाङ्मयीन साधन नसते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या अधिनियमाने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला असल्याने ते आरोपाचेही कथन ठरते, आणि ती त्याच गावात राहत असते.

नाव बदलले म्हणजे ओळख झाकली गेली, हा समजही तपासून घ्यावयास हवा. लताण्या स्वीनी यांनी २००० साली दाखविले की, पोस्टाचा विभागक्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन बाबींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येणे शक्य आहे. मराठी सामग्रीत धोका अधिक सूक्ष्म आहे. गाव, जात आणि व्यवसाय एकत्र आले की छोट्या वस्तीत एकच घर उरते. जात्यावरच्या ओवीत तर भावाचे, लेकाचे, माहेराचे नाव संहितेतच गुंफलेले असते.

गुप्ततेचे वचन देतानाही संयम हवा. बॉस्टन कॉलेजच्या 'बेलफास्ट प्रकल्पा'त २००१ पासून उत्तर आयर्लंडमधील माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती, निवेदकाच्या हयातीत त्या उघड होणार नाहीत या हमीवर, घेण्यात आल्या. २०११ मध्ये ब्रिटिश तपासयंत्रणेच्या विनंतीवरून अमेरिकेत त्यांसाठी न्यायालयीन आदेश निघाले आणि काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या. ज्या हमीला कायद्याचा आधार नाही ती देणे, हा निवेदकाचा विश्वासघातच होय.

उपाय दुष्प्राप्य नाहीत. ध्वनिमुद्रण आणि लिप्यंतर यांवर सांकेतिक क्रमांक असावा. क्रमांक व नाव जुळविणारी सूची निराळ्या ठिकाणी, कूटबद्ध करून ठेवावी. मूळ ध्वनिफिती भ्रमणध्वनीवर वा सामायिक संगणकावर राहू देऊ नयेत. गावाऐवजी तालुका, नेमक्या वयाऐवजी वयोगट द्यावा. सामग्री कोण पाहील, किती काळ राहील आणि केव्हा नष्ट होईल, हे संमतिपत्रात निवेदकाच्या बोलीत सांगावे. विद्यापीठास सादर होणारी पडताळणीची यादी आणि प्रसिद्ध होणारे परिशिष्ट यांत भेद करावा. त्यामुळे परीक्षकाची शंकाही फिटेल.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. लोकपरंपरेतील स्त्रियांची नावे आधीच पुसली गेली आहेत; अभ्यासकाने ती पुन्हा का पुसावीत? एखाद्या गायिकेला आपल्या ओवीखाली आपले नाव हवे असेल, तर ते गाळणे हा अन्यायच. म्हणूनच सरसकट नामोल्लेख आणि सरसकट नामलोप ही दोन्ही टोके त्याज्य होत. नाव द्यावे की झाकावे, याचा निर्णय परिणामांची पूर्ण कल्पना मिळाल्यावर निवेदकाने करावयाचा आहे. तो निभावणे हे संशोधकाचे, आणि निभावला जातो की नाही हे पाहणे मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे.