घटस्फोट दोघांचा, कर्ज मात्र दोघांच्याच नावे

परस्पर संमतीने विभक्त होणारे दाम्पत्य अमरावती वा अकोल्याच्या कौटुंबिक न्यायालयातून आदेशाची प्रत घेऊन बाहेर पडते, तेव्हा मुलांचा ताबा, पोटगी, दागिने आणि लग्नातील भांडीकुंडी यांचा निकाल लागलेला असतो. घराचाही लागलेला असतो, असा समज असतो. तडजोडीच्या अटींत 'घर पत्नीकडे राहील व पुढील हप्ते पत्नी भरेल' किंवा याच्या उलट असे एक वाक्य असते आणि तेवढ्याने प्रकरण मिटले असे दोन्ही पक्ष मानतात. पुढच्या महिन्यात हप्त्याची तारीख येते, तेव्हा बँकेच्या दफ्तरी काहीच बदललेले नसते. कर्जदार दोघेच असतात.

वऱ्हाडात हा प्रश्न तसा नवा आहे. एका पिढीपूर्वी नोकरदाराचे घर वडिलांच्या प्लॉटवर, भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेवर आणि पगारदारांच्या पतसंस्थेच्या कर्जावर उभे राही. कागदोपत्री नाव एकट्या पुरुषाचे असे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमरावतीचा कठोरा रोड, साईनगर किंवा अकोल्याचा गोरक्षण रोड, कौलखेड या भागांत ले-आउट पडले, डुप्लेक्स आणि अपार्टमेंट आली आणि एका पगारात घर बसेनासे झाले. बँकांनी दोन पगार एकत्र धरून कर्ज देण्यास सुरुवात केली. 'पती-पत्नी एकत्रीकरणा'तून एका तालुक्यात आलेले शिक्षक दाम्पत्य हा तर बँकेचा आदर्श ग्राहक. यातून घराच्या कागदावर स्त्रीचे नाव आले, ही मोठीच मिळकत. परंतु त्याच सहीने ती संपूर्ण कर्जालाही बांधली गेली, याची जाणीव सहसा संसार मोडतानाच होते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार संयुक्तपणे वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण वचनपूर्ती मागण्याचा हक्क धनकोला आहे. सहकर्जदार अर्ध्या कर्जाचा नव्हे, पूर्ण कर्जाचा देणेकरी असतो. घटस्फोट हिंदू विवाह कायद्याने होवो, विशेष विवाह कायद्याने होवो वा मुस्लिम व्यक्तिगत कायद्याने. कर्जाला लागू होणारा हा नियम तोच राहतो. कौटुंबिक न्यायालये कायदा, १९८४ ने पती-पत्नींमधील मालमत्तेचे वाद ऐकण्याचा अधिकार या न्यायालयांना दिला हे खरे. पण बँक त्या दाव्यात पक्षकारच नसते. त्यामुळे 'हप्ते पती भरेल' ही अट पतीला पत्नीपुरती बांधते, बँकेला नाही. त्याने हप्ते थकविले, तर पत्नी त्याच्यावर अटभंगासाठी दाद मागू शकेल. परंतु तोवर थकबाकीची नोंद दोघांच्याही पतइतिहासात झालेली असते, नव्वद दिवसांनंतर खाते अनुत्पादित ठरते आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखालील साठ दिवसांची नोटीस दोघांनाही येते. विभक्त झालेली व्यक्ती नवे कर्ज मागायला जाते, तेव्हाही जुने कर्ज तिच्या डोक्यावर पूर्ण रकमेने मोजले जाते.

येथे एक गल्लत नेहमी होते. घराची मालकी आणि घराचे कर्ज हे दोन वेगळे धागे आहेत. मालकीचा धागा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सुटतो, कर्जाचा बँकेत. एक सुटला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. सर्वांत वाईट अवस्था त्याची, जो हक्कसोडपत्रावर सही करून घरावरील हक्क गमावतो आणि कर्जदार मात्र राहतो. घर नाही, हप्त्याची जबाबदारी आहे. आणि ही अवस्था घाईत, 'एकदाचे सुटू' या भावनेत लिहिलेल्या अटींमधूनच ओढवते.

बँक एक नाव वगळण्यास का कू करते, हे तिच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. तिने दोन पगार पाहून पैसे दिले. आता एकावर भागवा असे तिला सांगितले जात आहे. समजा, ३० लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले. हप्ता सुमारे २६ हजार. पाच वर्षे नियमित भरूनही मुद्दल जेमतेम साडेतीन लाखांनी घटते आणि २६ लाखांहून अधिक बाकी राहते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो. घर ठेवू पाहणाऱ्या पत्नीचा हाती येणारा पगार ३५ हजार असेल आणि बँक त्याच्या निम्म्यापर्यंत हप्ता मान्य करीत असेल, तर तिला नव्याने वीस वर्षांसाठीही सुमारे २० लाखच मिळू शकतात. सहा लाखांची ही दरी कोण भरणार, हा खरा प्रश्न असतो. घर कोणाचे, हा नंतरचा.

ही दरी भरण्याचे मार्ग मोजकेच आहेत. निघून जाणाऱ्याने एकरकमी पोटगीऐवजी तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरणे, हा त्यातला बऱ्यापैकी न्याय्य. आई, वडील किंवा भाऊ यांना सहकर्जदार म्हणून घेणे हा दुसरा. पण त्यात आणखी एक माणूस त्याच कलम ४३ च्या फेऱ्यात येतो. आपली बँक ऐकत नसेल, तर दुसऱ्या बँकेकडून एकट्याच्या नावे नवे कर्ज घेऊन जुने फेडता येते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून आकारता येत नाही आणि डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे त्यांना बंधनकारक आहे. बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. यांपैकी काहीच जमत नसेल, तर घर विकून कर्ज फेडावे आणि उरलेले वाटून घ्यावे. हे ऐकायला कटू वाटते. पण न झेपणारे घर मानासाठी धरून ठेवण्यापेक्षा ते शहाणपणाचे.

मालकीच्या बाजूला वेळेचे महत्त्व विलक्षण आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार पती वा पत्नीला निवासी घर बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. महापालिका हद्दीतील अधिभार निराळा. ही सवलत पती-पत्नीला आहे, 'माजी' पती-पत्नीला नाही. हक्कसोडपत्राची २०० रुपयांची सवलतही वडिलोपार्जित मालमत्तेपुरती आहे; दोघांनी कमावून घेतलेल्या डुप्लेक्सला ती लागू नाही. म्हणजे ४० लाखांच्या घरातील अर्धा हिस्सा विवाह कायम असताना बक्षीस दिला, तर एक हिशेब आणि घटस्फोटानंतर महिनाभराने तोच हिस्सा दिला, तर साधारण सहा टक्के दराने सव्वा लाखाच्या घरात जाणारा दुसरा. अर्थात, बक्षीसपत्राला मोबदला नसतो. हिश्श्याचे पैसे घेऊन वर बक्षीसपत्र करणे म्हणजे पुढच्या वादाची पायाभरणी होय. शिवाय घर तारण असल्याने बँकेच्या लेखी संमतीशिवाय यातले काहीही करू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात याहून सोपी वाट दाखविली. मुंबईतील संयुक्त सदनिकेवरील हक्क पतीने घटस्फोटाच्या तडजोडीत पत्नीला सोडला, तेव्हा मालमत्ता दाव्याचाच विषय असल्याने नोंदणी कायद्यातील अपवादाचा आधार देऊन ती मुद्रांक शुल्काविना पत्नीच्या एकटीच्या नावे नोंदवावी, असे न्यायालयाने सांगितले. याचा धडा असा की, घराचे नेमके वर्णन आणि त्यावरील मागणी अर्जातच असली पाहिजे. शेवटच्या दिवशी अटींत घुसडून चालणार नाही. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने, संयुक्त नावावरील घराचे हप्ते आपणच भरले म्हणून ते आपले एकट्याचे, हा पतीचा दावा अमान्य केला. 'पैसे माझे, नाव फक्त तिचे' हा युक्तिवाद आपल्याकडेही सर्रास ऐकू येतो.

अमरावती-अकोल्यात आणखी एक गाठ आहे ती नझूलची. जुन्या वस्त्यांतील अनेक घरे शासनाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. तेथे दस्त नोंदविला म्हणजे झाले, असे नसते. पट्ट्याच्या अटी, हस्तांतरणाची परवानगी आणि आखीव पत्रिकेवरील नोंद यांत महिने जाऊ शकतात.

हे सारे करायला वेळ कोठे आहे, असे विचारले जाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचे अंतर ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे अंतर माफ करून घेता येते आणि वकील मंडळी तसा अर्ज उत्साहाने करतात. ज्यांच्या नावे गृहकर्ज आहे, त्यांनी तो करण्यापूर्वी दहादा विचार करावा. बँकेची मंजुरी, बक्षीसपत्र आणि नव्या कर्जाचे दस्त यांसाठी हेच सहा महिने हाताशी असतात. न्यायालयातील समुपदेशक आणि मध्यस्थ यांनीही अटींवर सह्या होण्याआधी एकच कागद मागावा: निघणाऱ्या कर्जदाराला मुक्त केल्याचे वा कोणत्या अटींवर मुक्त करू, हे सांगणारे बँकेचे पत्र. आणि राज्य शासनाने २०० रुपयांची सवलत घटस्फोटाच्या आदेशानुसार होणाऱ्या हस्तांतरणालाही, आदेशानंतर निदान वर्षभर, लागू करावी. नाही तरी ज्यांना कायदा ठाऊक आहे ते आदेशाआधीच बक्षीसपत्र करून मोकळे होतात. सव्वा लाख भरतात ते न ठाऊक असलेलेच.