जुनी गाडी आहे, आवाज येणारच!

दिवाळीला गावी गेलो होतो, रोहण्याला. (आर्वी तालुका, वर्धा जिल्हा. पुण्यात सांगितलं की लोक हमखास "रोहा का?" म्हणतात. असो.) घरी 2008 ची मारुती 800 आहे. कंपनीने ही गाडी बनवणं 2014 साली बंद केलं, बाबांनी चालवणं अजून बंद केलेलं नाही. 15 वर्षं झाल्यावर रीतसर नोंदणी वाढवून घेतली आणि आर्वी-पुलगाव फेऱ्या चालूच.

तर या गाडीतून काही महिन्यांपासून आवाज येत होता. बारीक खड्ड्यांवरून चाललं की पुढून डावीकडून 'खडखडखड'. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. पुन्हा नेली, तर लोअर आर्म बदलला. आवाज तसाच! एकूण साडेसहा हजार गेले आणि वर ऐकायला काय मिळालं? "काका, जुनी गाडी आहे, आवाज येणारच."

माझं डोकं फिरलं ते या वाक्याने. उद्या मी क्लायंटला सांगितलं, "साहेब, जुनं सॉफ्टवेअर आहे, क्रॅश होणारच", तर चालेल का? आवाज वयामुळे येत नाही. काहीतरी सैल झालेलं असतं, झिजलेलं असतं किंवा कशाला तरी घासत असतं, म्हणून येतो. आणि प्रत्येक आवाज स्वतःचा पत्ता सांगत असतो. गाडी जागेवर उभी करून रेस दिली आणि आवाज आला, तर भानगड इंजिनाकडची, चाकांचा काही संबंध नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट झाली, तर एक्सलचा जॉइंट बघा. स्पीडबरोबर घुंईऽऽ वाढत गेलं तर बेअरिंगचा संशय, आणि डावीकडे वळताना ते जास्त घुमलं तर बहुधा उजवं, कारण वळताना वजन तिकडे जातं. यात रॉकेट सायन्स काय आहे? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. आम्ही ऑफिसात याला डिबगिंग म्हणतो आणि त्याचा पगार घेतो.

शेवटी गावातल्याच मिस्त्रींकडे गेलो. टपरीएवढं दुकान. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. "भाऊ, आवाज कवा येते ते सांगा आधी." मग शेजारी येऊन बसले. खराब रस्त्यावर आवाज सुरू झाला. म्हणाले, "आता ब्रेकवर हलकासा पाय ठेवा." ठेवला. आवाज गायब! पाय काढला, पुन्हा खडखड. "थांबला न? म्हंजे शॉकअपचं काही कामच नाही."

किती साधी टेस्ट! ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घट्ट चिकटतात, मग ते खडखडणार कसे? चाक काढलं तर डाव्या पॅडची क्लिप गायब आणि कॅलिपरचा खालचा बोल्ट हाताने फिरेल इतका सैल. मागे कधीतरी पॅड बदलताना कुणीतरी क्लिप बसवायची विसरला असणार आणि बोल्ट नीट कसला नसणार. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि हा बोल्ट ब्रेकचा आहे, राव. तो पूर्ण निघाला असता तर? बाबा रात्री-बेरात्री एकटे त्या रस्त्याने येतात. 'आवाज येणारच' हे वाक्य मला नुसतं आळशी वाटत नाही, ते जिवाशी खेळणारं आहे.

आता खरा मुद्दा. मिस्त्रींनी क्लिप बसवली, बोल्ट कसला आणि मागितले किती? 100 रुपये. मी 500 दिले. घरी येईपर्यंत बाबांची कुरकुर. "एक बोल्ट कसायचे पाचशे?"

"बाबा, तिकडे साडेसहा हजार दिले तेव्हा नाही बोललात!"

"तिथं पार्ट तर आले हाती."

झालं! सगळा रोग या एका वाक्यात आहे. आपण पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. बिलावर 'शॉकअप' लिहिलं की आपण गुपचूप खिशात हात घालतो आणि 'अर्धा तास आवाज शोधला' असं लिहिलं की भांडतो. मग वर्कशॉपवाला शोधेल कशाला? तो पार्टच बदलणार. सगळेच मेकॅनिक चोर आहेत असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांना ही सवय आपणच लावली आहे. आपण पैसे देतो ते ज्याचे, तेच आपल्याला मिळतं.

आणि आपण आयटीवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? सर्व्हर लटकला की रिस्टार्ट मारायचा, तिकीट बंद करायचं आणि वीकएंडला निघायचं. मीही केलंय हे, चिक्कार वेळा. तो आमचा 'शॉकअप बदलून बघू'च आहे.

म्हणून पुढच्या वेळी गाडी टाकताना 'जरा बघून घ्या' म्हणून चावी फेकून येऊ नका. आवाज कधी येतो, कुठून येतो, काय केल्यावर थांबतो ते सांगा. मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. आणि आधीच विचारा, "नुसतं शोधायचे किती घ्याल?" तो आधी चमकेल. पण जो आकडा सांगेल तो द्या, घासाघीस न करता.

बाबांना अजून पटलेलं नाही. त्यांच्या मते मी पुण्यात राहून बिघडलोय. काल फोनवर विचारलं, गाडी कशी आहे? म्हणाले, "आवाज नाही येत." मग थोडं थांबून, "पण चारशे जास्तच दिलेस."