वाशिमच्या सायकलवाटा

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, पण त्यावर सायकलला बंदी. बरेच झाले! सायकलस्वाराने गावरस्तेच धरावेत. नवख्यांनी वाशिमजवळच्या एकबुर्जी तलावापासून सुरुवात करावी. दमदारांसाठी अकोला-वाशिम सीमेवरचे काटेपूर्णा अभयारण्य आहेच, चौशिंग्याचे घर. आमचा कौल मात्र कारंजा-सोहोळला. २००० साली घोषित झालेले हे काळवीट अभयारण्य म्हणजे दाट जंगल नव्हे, गवताळ माळरान. त्यामुळे झाडांआडून डोकवावे लागत नाही, कडेच्या रस्त्यावरूनही कळप दिसू शकतो. अशा ठिकाणी बिनआवाजाचे वाहनच शोभते. बाभळीचे काटे ट्यूबचे वैरी, तेव्हा पंक्चरचे सामान सोबत ठेवा. आणि अभयारण्यात शिरण्याआधी वनविभागाची परवानगी घ्या.