वाढपी कोणाचा?

नाताळात चर्चची दारे सर्वांना उघडी असतात. शेजारच्या इमारतीतले लोक गव्हाणीचा देखावा पाहायला येतात, त्यांच्या हातावर केकचा तुकडा ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सलोख्याचा फोटो झळकतो. यात वाईट काही नाही. पण ख्रिस्ती आदरातिथ्याचे मोजमाप एवढ्यावर करायचे, तर चर्च फारच स्वस्तात सुटेल. पाहुणा रात्री आपल्या घरी जातो. त्याच बाकावर वर्षानुवर्षे बसणारी विधवा, रोजंदारीवर जाणारा, कर्जाने वाकलेला माणूस पुढच्या रविवारीही तिथेच असतो. परक्याचे स्वागत करण्यापेक्षा आपल्यातल्या गरिबाला बरोबरीने वागवणे कठीण, आणि चर्चची परीक्षा तिथेच व्हायला हवी. किती मदत वाटली हा प्रश्न त्यात दुय्यम आहे. जिच्यापर्यंत मदत पोचली नाही, तिचे गाऱ्हाणे कोण ऐकतो आणि ते ऐकल्यावर वाटप कोणाच्या हाती जाते, हे आधी पाहावे.

ही कसोटी बाहेरून आणलेली नाही, ती ख्रिस्ती धर्मग्रंथातच आहे. प्रेषित पौलाने इ.स. 50 नंतरच्या दशकात करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातला एक प्रसंग मराठी वाचकाला तर समजावून सांगायलाही नको. करिंथ हे दोन बंदरांमध्ये वसलेले व्यापारी शहर. तिथल्या मंडळीत घरमालक होते तसे गुलामही होते. प्रभुभोजन तेव्हा खरोखरचे जेवण असे आणि ते एखाद्या सुखवस्तू सभासदाच्या घरी होई. ज्यांच्या हाताशी वेळ होता ते लवकर येत, खाऊनपिऊन तृप्त होत. राबून उशिरा येणाऱ्यांसाठी रिकामी भांडी उरत. रोमन घरातल्या भोजनदालनात जेमतेम नऊ-दहा जण मावत आणि बाकीचे बाहेर चौकात बसत. त्यामुळे यजमानाचे स्नेही आत आणि इतर बाहेर अशी वाटणी झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे पंक्तिप्रपंचच. एरवी गुंतागुंतीचे धर्मशास्त्र मांडणारा पौल इथे सरळ संतापतो आणि सांगतो काय, तर एकमेकांसाठी थांबा. मागणी तशी लहानच. गुलामगिरीबद्दल तो तिथे चकार शब्द काढत नाही, हे आजच्या वाचकाला खटकेल आणि खटकायलाही हवे. तरीही उपाशी माणसाला लाजवून उरकलेले भोजन प्रभूचे नव्हेच, हा त्याचा निवाडा चर्चला आजवर पुसता आलेला नाही.

त्याही आधीची, यरुशलेममधली घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. तिथल्या मंडळीत विधवांना रोज अन्नवाटप होत असे. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी तक्रार केली, की स्थानिकांच्या विधवांना मिळते आणि आमच्या विधवा वगळल्या जातात. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना प्रेमावर प्रवचन दिले नाही. सात माणसे निवडून वाटप त्यांच्याकडे सोपवायला सांगितले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्या सातांची नावे आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक. ग्रीक नावे स्थानिक यहुदीही ठेवत, हे मान्य. पण सातच्या सात तशीच निघावीत हा योगायोग वाटत नाही. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती पळी दिलेली दिसते. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावे, असे आपल्याकडे म्हणतात. हे ओळखूनच त्या मंडळीने वाढपी बदलला.

याद्या, समित्या, नियम आले की प्रेम आटते, मायेचे कार्यालय होते, असा यावर आक्षेप येतो. तो पोकळ नाही; अर्जाच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही तो पटेल. पण पहिल्या शतकांतल्या मंडळ्यांचा अनुभव उलटे सांगतो. ‘डिडाखे’ ही बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरीची नियमपुस्तिका 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला हस्तलिखितात सापडली. तिच्यात पाहुण्यांबद्दलचे नियम जवळजवळ व्यवहारी आहेत. फिरत्या प्रेषिताला एक दिवस ठेवावे, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा समजावा. निघताना त्याला भाकरी द्यावी, पैसे मागितले तर तोही खोटा. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवस. राहायचेच असेल तर त्याने आपले कसब वापरून पोट भरावे, कसब नसेल तर मंडळीने त्याची सोय लावावी. ज्यांच्या दारात रोज कोणीतरी उभे असते तेच असे नियम करतात. नियम नसते, तर चार भामट्यांनी घरे धुऊन नेली असती आणि पाचव्या खऱ्या गरजवंताला दार बंद मिळाले असते. ही भीती काल्पनिक नव्हती. दुसऱ्या शतकातला उपहासकार ल्युसियन पेरेग्रिनस नावाच्या, त्याच्या मते भोंदू असलेल्या, माणसाची गोष्ट सांगतो: तो तुरुंगात पडला, तेव्हा ख्रिस्ती विधवा आणि अनाथ मुले पहाटेपासून दाराशी ताटकळत, त्याला आत जेवण पोचवत. ल्युसियनला हा निव्वळ भाबडेपणा वाटला. त्याच शतकात, 150 च्या सुमारास, रोममधला ख्रिस्ती लेखक जस्टिन रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो. वर्गणी मंडळीच्या प्रमुखाकडे जमा होई. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे यांची सोय लागे. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या वाट्याची भाकरी सेवक घरपोच नेत. गैरहजर कोण, हे ठाऊक असल्याशिवाय ते जमणार नाही, आणि तेवढ्यासाठी तरी यादी लागतेच.

दुसरा आक्षेप आपल्याकडे जास्त ऐकू येतो. ही सारी काळजी म्हणजे आमिष, पोटासाठी माणसे ओढण्याची युक्ती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले आणि पालकांनी मुली काढून नेल्या, तेव्हापासून महाराष्ट्राला हा वाद परिचित आहे. भुकेल्याला भाकरी आणि श्रद्धा एकाच हातातून मिळत असतील तर शंका येणारच, आणि शंका घेणाऱ्याला लगेच द्वेष्टा ठरवू नये. पण आमिष गळाला मासा लागेपर्यंतच टाकतात. रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या 251 सालच्या एका पत्रात त्या शहरातल्या मंडळीची गणती आहे: 46 पुरोहित, 7 सेवक, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या दीड हजारांहून अधिक विधवा व निराधार. तेव्हा राजसत्ता विरोधात होती. आधीच आत आलेल्या, काही परत देऊ न शकणाऱ्या माणसांना पोसण्याला आमिष म्हणता येत नाही. उलट बाजूने, हे फक्त आपल्यापुरते पाहणे झाले, असाही आरोप होतो. त्याला उत्तर सम्राट ज्युलियनच्या नावावर असलेल्या, 362 च्या सुमाराच्या पत्रात मिळते. हा सम्राट ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, अशी त्याची खंत, आणि म्हणून गलातिया प्रांतात धर्मशाळा उभारा, असा त्याचा हुकूम. घरच्यांना वाढण्याची सवय असलेल्यांना परक्याला वाढणेही जड गेले नाही.

भारतात मात्र ही पंगत वारंवार मोडली. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये दक्षिणेतल्या मंडळ्यांमधला जातिभेद संपवण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावरला अनेक उच्चजातीय सभासदांनी मंडळी सोडली, पण एकत्र बसणे स्वीकारले नाही. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलित ख्रिस्तींची थडगी भिंतीने वेगळी केलेली आहेत. गोव्यातल्या कोंफ्रारियांनी, म्हणजे चर्चशी जोडलेल्या बंधुमंडळांनी, सभासदांच्या फेस्ताची आणि अंत्यविधीची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. परस्पर काळजीची इतकी नेटकी व्यवस्था क्वचितच सापडेल. पण अनेक गावांत तिचे सभासदत्व जातीवर ठरत आले. कॅथॉलिक बिशप परिषदेने 2016 मध्ये दलितांविषयीच्या धोरणात चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव असल्याचे स्वतःच मान्य केले. कबुली प्रामाणिक आहे. धोरण कागदावर येऊन इतकी वर्षे झाली, आता गावोगावच्या समित्यांत कोण बसते तेवढे पाहावे.

सरकारी योजना असताना हे सारे कशाला, असेही विचारले जाते. संजय गांधी निराधार योजनेसारख्या योजनांतून दरमहा पैसे मिळतात, हे खरे. ते मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खाते आणि दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. मुले आखातात किंवा कॅनडात असलेल्या आणि जिन्यावरून उतरू न शकणाऱ्या म्हातारीला तहसील कार्यालयापर्यंत कोण नेणार? हे काम दानपेटीतल्या पैशांनी होत नाही. त्यासाठी तिच्या दारावर कोणीतरी थाप मारावी लागते, कागद नीट लावावे लागतात, आणि पुढच्या वर्षी आठवणीने पुन्हा जावे लागते. मंडळ्यांना करता येण्याजोगे हेच आहे, आणि त्याला फार निधीही लागत नाही. मदत समितीतल्या निम्म्या जागा मदत घेणाऱ्यांना द्याव्यात, नावे गुप्त ठेवून वार्षिक सभेत हिशेब मोठ्याने वाचावा, आणि ज्यांचे अर्ज नाकारले त्यांची कारणेही त्यात यावीत. पाळकांना आणि विश्वस्तांना हे अडचणीचे वाटेल. यरुशलेमच्या प्रेषितांनाही ती तक्रार काही सुखाची वाटली नसणार.