गोटमारीतला दगड आणि मेगापिक्सेल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर, इकडे पांढुर्णा आणि तिकडे सावरगाव, हल्ली मोबाइलही दगडांइतकेच उचललेले असतात. पण गोटमारीचा, म्हणजे या दोन गावांतल्या दगडफेकीच्या खेळाचा, फोटो अवघड. पात्रात रोवलेला झेंड्याचा पळस दूर, आणि हवेतला दगड चित्रात जेमतेम काही बिंदूंचा. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० बिंदू. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण १६०० वर येते, सहा हिश्शांतला एकच हिस्सा उरतो आणि दगड आभाळात विरून जातात. २०२३ पासून तिथे एचडीचा पर्याय आहे, पण फोटो जसाच्या तसा पोचवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावा. (रक्ताळलेल्या डोक्याचा फोटो कुठल्याच आकारात पाठवू नये, हे माझं मत.) तरी सगळंच मोठं पाठवायचा हट्ट कशाला? सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन घरच्या ग्रुपवर टाकायला १६०० बिंदू पुष्कळ झाले. छापायचं म्हटलं की हिशेब बदलतो: इंचाला ३०० बिंदू धरले तर १६०० मध्ये सव्वापाच इंच भरतात, ४००० मध्ये तेरा. चौकातला फ्लेक्स लांबून बघायचा, त्याला एवढी दाटी लागत नाही. संत्र्याच्या पानावरची कीड जाणकाराला दाखवायची असेल तेव्हा मात्र मूळ फाइलच द्या. ग्रुपवरून फिरून आलेला फोटो कितीही ताणला तरी गेलेले बिंदू परत येत नाहीत, ॲप मधली जागा अंदाजाने भरतं.