परतीची वारी
आषाढीआधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी औंढा नागनाथ, जवळा बाजार, परभणी असा पल्ला गाठत पंढरीला जाते. स्पेनमधल्या सांतियागोला, संत याकोबाच्या समाधीकडे, ख्रिस्ती यात्रेकरू हजारएक वर्षं असेच पायी जात आलेत. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारी तिथली प्रसिद्ध वाट सुमारे ७८० किलोमीटरची. शेवटचे १०० चालले तरी प्रमाणपत्र मिळतं. खरा फरक परतीत आहे. मध्ययुगात सांतियागोहून घरीही पायीच यावं लागे. आता बहुतेक जण विमान किंवा रेल्वे गाठतात. शेगावची पालखी मात्र आजही चालतच माघारी येते. दर्शन झाल्यावरही पाय थांबत नाहीत, या निष्ठेला कुठलं प्रमाणपत्र पुरणार?